फेब्रुवारीच्या शेवटी गच्चीवर काय लावायचं, आणि एप्रिलमध्ये ते टिकवायचं कसं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडची गॅलरी आहे आणि वर गच्चीचा एक कोपरा वापरायला मिळाला आहे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा चालू आहे. टोमॅटो, पालक, कोथिंबीर, झेंडू आणि पिटुनिया लावायचा विचार आहे. मागच्या वर्षी याच दिवसांत हेच लावलं होतं. मार्चमध्ये सगळं छान दिसलं, पण एप्रिलमध्ये टोमॅटोची फुलं गळाली, पालकाला तुरे आले, पिटुनिया वाळून गेला. आता खत बदलू का, कुठलं औषध फवारू, आणि मे महिन्यात दहा दिवस गावी जायचंय तेव्हा पाण्याचं काय करू, असं तुम्ही विचारलं आहे.

माझी छोटी रोपवाटिका आहे आणि पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या गच्च्यांची देखभाल मी बरीच वर्षं करते. दरवर्षी याच सुमारास हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या वर्षीचं तुमचं खत वाईट नव्हतं, आणि बहुतेक रोगही नव्हता. ज्या हवेच्या भरवशावर रोपं लावली ती हवा महिन्याभरात बदलली. ‘वसंतात लागवड करा’ असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो बहुतेक वेळा बर्फ वितळल्यावर चार-पाच महिने मवाळ ऊन मिळणाऱ्या देशांसाठी लिहिलेला असतो. तिथे मार्चमध्ये टोमॅटोचं बी टाकणं अगदी बरोबर. आपल्याकडे टोमॅटोचे सुखाचे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे ते आता संपत आले. आपला वसंत पाच-सहा आठवड्यांचा. महाशिवरात्रीला थंडी ओसरते, होळीला झळा जाणवायला लागतात, पाडव्याच्या सुमारास पुण्यात दुपारचा पारा 36-37 अंशांवर जातो. एप्रिलमध्ये तो 38 ते 40 च्या घरात राहतो आणि हवा कोरडी असते. तेव्हा आता जे लावाल ते एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून निवडा, आणि ऊन चढायच्या आत त्याची मुळं कुंडीच्या तळापर्यंत पोचतील एवढं बघा. बाकी सगळं त्यानंतर.

यातलं बरंचसं जागेवर अवलंबून आहे, तेही सांगते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे ही सगळी कामं तीन-चार आठवडे आधी उरकावी लागतात, कारण तिथे मार्चअखेरीलाच ऊन असह्य होतं. मुंबई, कोकण, गोव्यात पारा इतका चढत नाही, पण हवा दमट. तिथे पाणी कमी लागतं आणि फळमाशी व बुरशी जास्त त्रास देतात. नाशिक-सातारा साधारण पुण्यासारखं. पुण्यातसुद्धा झाडीतली जुनी वस्ती आणि काचेच्या इमारतींमध्ये उभी असलेली नवी सोसायटी यांच्या दुपारच्या झळांत फरक पडतो. समोरच्या काचेवरून परावर्तित ऊन येत असेल तर ते मोजल्याशिवाय कुंडी ठेवू नका.

दिशेबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात, म्हणून तिच्यावर जरा थांबते. तुमची गॅलरी दक्षिणेकडे आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, म्हणून ऊन गॅलरीत आत भिंतीपर्यंत येतं. 21 मार्चला तो 71 अंशांवर जातो. मे महिन्याच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो; तोच आपला शून्य सावलीचा दिवस. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब तुमच्या डोक्यावर असेल तर एप्रिलपासून तुमच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ येणारच नाही. हिवाळ्यात तिथे शेवंती फुलली म्हणून आता भेंडी लावली, तर तिला ऊन कमी पडेल आणि ती नुसती उंच वाढेल. उलट उत्तरेच्या गॅलऱ्यांना, ज्या थंडीभर गार आणि अंधाऱ्या असतात, त्यांना मार्चनंतर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळायला लागतं. म्हणून तुमच्यासाठी वाटणी सोपी आहे. फळभाज्या आणि उन्हाची फुलं गच्चीवर. पालेभाज्या, पुदिना, ओवा आणि थंडीतली उरलेली रोपं गॅलरीत. फळभाजीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाजी तीन तासांत भागवते, आणि उन्हाळ्यात तर तेवढंच तिला बरं.

आता टोमॅटो. दुपारी तापमान 34-35 च्या वर गेलं आणि रात्रीही हवा 22-24 च्या खाली उतरेनाशी झाली, की टोमॅटोच्या फुलातले परागकण निकामी होतात. फूल उमलतं, दोन-तीन दिवस टिकतं आणि देठाच्या सांध्यातून पिवळं पडून गळतं. झाड हिरवंगार असतं, पानांवर डाग नसतो, किडा दिसत नाही, आणि माणूस खत घालत सुटतो. त्या खताने नुसती पानं वाढतात. तेव्हा नवी टोमॅटोची रोपं आता विकत घेऊ नका. थंडीतली जुनी रोपं असतील तर त्यांवरची फळं पिकू द्या, दुपारची सावली द्या, आणि एप्रिलमध्ये काढून टाका. अगदी हौसच असेल तर एखादं चेरी टोमॅटोचं रोप ठेवा, लहान फळांच्या जाती उन्हात जरा जास्त तग धरतात. पुढचं टोमॅटोचं बी जूनमध्ये टाका.

मिरची आणि वांग्याची गोष्ट वेगळी. त्यांची रोपं आता लावली तर भर उन्हाळ्यात फळं कमी मिळतील, पण झाड जगतं, खोड जाड होतं, आणि पहिल्या पावसानंतर ते असं काही फुटतं की जून-जुलैमध्ये मिरच्या वाटायला लागतात. त्यांच्याकडून मे महिन्यात काही मागू नका, फक्त जगवा.

उन्हाळ्याच्या खऱ्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी आणि सगळ्या वेलभाज्या. ही उन्हातलीच पिकं. गारठ्यात त्यांचं बी उगवतसुद्धा नाही.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी बोटाच्या एका पेराइतकं खोल, थेट कुंडीतच टोका. एका जागी दोन बिया, उगवल्यावर दणकट रोप ठेवून दुसरं मुळाशी कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. चार ते सात दिवसांत उगवण, साधारण दीड महिन्याने पहिली तोडणी. दहा-बारा इंची कुंडीत एकच झाड. आणि झाडं मोजून लावा: दोन झाडांवरून एका वेळी चार भेंड्या मिळतात, त्यांचं काही करता येत नाही. चौघांच्या घराला एका वेळची भाजी हवी असेल तर किमान आठ-दहा झाडं. तोडणी दिवसाआड. एखादी भेंडी पानाआड राहून निबर झाली की झाड सगळी शक्ती तिच्या बियांना देतं आणि पुढचं फूल लांबतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळीसारख्या दिसायला लागल्या तर तो केवडा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर औषध नाही, ते झाड त्याच दिवशी काढायचं. परभणी क्रांती, अर्का अनामिका या जाती या रोगाला दाद देऊ नयेत म्हणूनच काढलेल्या आहेत. आता त्याही पूर्ण सुटत नाहीत, तरी साध्या बियाण्यापेक्षा बऱ्या.

गवारीत पुसा नवबहार ही जात बघा. तिला फांद्या फुटत नाहीत, एकच सरळ दांडा वाढतो आणि त्याला शेंगांचे घोस लागतात, त्यामुळे लांबट कुंडीत दाटीने बसते. गवारीला पाणी बेताचं. चवळी मात्र कशीही येते. नवशिक्याला मी आधी चवळीच देते.

वेलभाज्यांपैकी काकडी, दोडका, कारलं, घोसाळं यांतल्या दोनच निवडा, आणि जागा मोठी असेल तरच दुधी. कारलं, दोडका, पडवळ यांच्या बीचं कवच टणक असतं, त्यांना रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड डोकावला की टोका. या वेलींना मुळं हललेली अजिबात खपत नाहीत, म्हणून रोप तयार करायचंच असेल तर वर्तमानपत्राच्या पुंगळीत करा आणि पुंगळीसकट लावा. काकडीला पंधरा इंची ग्रो बॅग पुरते, दुधीला त्याहून मोठा ड्रम लागतो. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. हात धुवा आणि उरलेलं बी मुलांपासून लांब ठेवा. पाकिटावरची वैधतेची तारीखही बघून घ्या.

वेल फुलायला लागला की पंधरा दिवसांत तक्रार येते: ‘फुलं भरपूर, फळ एकही नाही.’ घाबरू नका. या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि नर फुलं आधी येतात. फुलाच्या मागे बघा. नर फुलाला नुसता बारीक देठ असतो. मादी फुलाच्या मागे बोटाच्या टोकाएवढी, लव असलेली काकडी किंवा दुधी आधीच तयार असते. परागीकरण झालं तर ती वाढते, नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळी पडून गळते. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर मधमाश्या आल्या नाहीत तर ते काम आपण करायचं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने दोन-तीनदा टेकवा. वेळ मात्र त्या त्या फुलाची सांभाळा. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री त्यावर पतंग येतात. दोडकाही दिवस कलल्यावर, साधारण पाच-सहाच्या पुढे उमलतो. त्याचंच भावंड असलेलं घोसाळं मात्र पहाटे. सकाळी आठ वाजता दोडक्याच्या मिटलेल्या फुलाला पराग लावून काहीच होत नाही. संध्याकाळी ऑफिसातून परत येणाऱ्यांनी म्हणूनच दोडका आणि दुधी निवडावी, असं मी नेहमी सुचवते.

दुधीचा मुख्य शेंडा सहा-सात फुटांवर खुडा. मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर जास्त लागतात. आणि एक काळजी मनापासून घ्या: घरची असो की बाजारची, दुधी किंवा काकडी चिरल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका, चूळ भरा आणि ती अख्खी फेकून द्या. पाण्याचा ताण पडला की या फळांत कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं, काही वेलांत ते जन्मतःच असतं, आणि शिजवून ते जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. गुणकारी म्हणून कडू रस दामटून पिऊ नका.

पालेभाज्यांत पालक आणि कोथिंबीर हे थंडीतले जीव. पालकाला दिवस मोठा झाला आणि ऊन वाढलं की तुरा येणारच, ते थांबवता येत नाही. त्याऐवजी माठ, राजमाठ, चवळई, अंबाडी लावा. तांबडा माठ पंचवीस-तीस दिवसांत कापायला येतो, आणि मुळापासून न उपटता चार बोटं दांडा ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. गोव्यात तांबडी भाजी घराघरांत आहे ती उगाच नाही, उन्हात इतकी खात्रीची दुसरी पालेभाजी मला माहीत नाही. मेथी गॅलरीतल्या सावलीत तीन आठवड्यांची चालते. कोथिंबीर करायचीच तर धणे हलके रगडून दोन भाग करा, पाण्यात भिजवा, आणि गॅलरीत आतल्या बाजूला पसरट कुंडीत टाका. पंचवीस-तीस दिवसांत काढून मोकळ्या व्हा. थोडं थोडं दर पंधरवड्याला टाकत गेलात तर पोह्यांपुरती मिळत राहील.

फुलांकडे वळते. पिटुनिया, पॅन्झी, डालिया, शेवंती यांचा हंगाम उतरणीला लागला आहे. नर्सरीत आता ती फुललेली आणि स्वस्त मिळतात, म्हणून घ्यावीशी वाटतात. तीन आठवड्यांच्या शोभेसाठी घ्यायची तर खुशाल घ्या, पण तीन महिन्यांची अपेक्षा ठेवू नका. झेंडूला उन्हाळ्यात लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, फार लागतो. त्याचं बी दसऱ्यासाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला टाका.

उन्हाळ्यात भरभरून फुलतात ती झिनिया, सदाफुली, गोम्फ्रेना, गॅलार्डिया आणि ऑफिस टाइम (पोर्तुलाका). झिनियाचं बी थेट कुंडीत टाका, दीड-दोन महिन्यांत फुलं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, एका फुलाऐवजी चार येतात. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको, नाहीतर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, पडते. ऑफिस टाइमची तर बोटभर काडी ओल्या मातीत खोचली की झालं. कमी उंचीच्या पसरट कुंड्या, ज्यांत दुसरं काही तगत नाही, त्यांत हीच लावा. बोगनवेल फुलत नसेल तर तिचं पाणी तोडा. तिला तहान लागली की ती फुलते. निशिगंधाचे आणि मेमध्ये फुलणाऱ्या फुटबॉल लिलीचे कंद लावायलाही हेच दिवस.

पण पुण्याच्या उन्हाळ्यात एकच फूल लावायचं असं ठरवलं, तर मी मोगरा लावीन. मोगऱ्याला कडक ऊन मानवतं, आणि त्याची कळी नव्या फुटीच्या टोकालाच येते. म्हणून त्याला नवी फूट आणायची, एवढंच काम. खरं तर ते जानेवारीअखेर करायचं असतं, पण अजून वेळ गेलेली नाही. फुलं जरा उशिरा, एप्रिलमध्ये येतील. चार-पाच दिवस पाणी तोडा. मग वाळक्या आणि एकमेकांत अडकलेल्या फांद्या काढा, उरलेल्या फांद्या एक तृतीयांश कमी करा, आणि राहिलेली पानंही हाताने काढून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, जीव कळवळेल, पण करा. वरची दोन इंच माती खुरपून काढा, तिथे कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला, आणि भरपूर पाणी द्या. आठ-दहा दिवसांत प्रत्येक डोळ्यातून तांबूस-हिरवी फूट निघते. पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेली टोकं दोन पेरं कापायची, म्हणजे दुसरा बहर येतो. मोगरा गॅलरीत सावलीला ठेवून ‘फुलत नाही’ म्हणणारे फार भेटतात. त्याला गच्चीवर न्या.

आता मातीचं. गच्चीचा स्लॅब एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो, आणि त्यावर थेट टेकलेल्या कुंडीतली मुळं अक्षरशः भाजतात. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या असतील तर त्यांना बाहेरून पोतं गुंडाळा किंवा चुना लावा. एकेकटी कुंडी ठेवू नका; सगळ्या जवळजवळ ठेवा, मोठ्या बाहेर, लहान आत. वजनाचाही विचार करा. पंधरा इंची ग्रो बॅगेत चाळीस-बेचाळीस लिटर माल मावतो, आणि ओली माती भरली तर ती साठ-सत्तर किलोंची होते. म्हणून नुसती माती भरू नये, आणि मोठ्या बॅगा भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात.

भरायचं काय? पुण्याभोवतीची काळी माती नुसती भरली तर वाळल्यावर दगड होते आणि तिला भेगा पडतात. मी एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. तळाशी चार-सहा इंच वाळका पालापाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या रस्त्यांवर पानांचा सडा पडलेला असतो, सोसायटीच्या झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंत तर पोती भरून मिळतात. शिवाय याच दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंत्या सुरू होतात. उसाची चिपाडं फुकट मिळतात आणि आच्छादनाला उत्तम. फक्त ओली टाकू नका, मुंग्या येतात. चार-पाच दिवस उन्हात पसरून वाळवा, तोडून तुकडे करा, मग मातीवर दोन इंचांचा थर द्या. मातीत मिसळायची असतील तर बरोबर भरपूर शेणखत घाला, नाहीतर ती कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. उन्हाळ्यात आच्छादनामुळे जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या खताने पडत नाही, हे मी ठामपणे सांगते.

खताबद्दल तुम्ही विचारलंय. लावताना मातीत घातलेलं शेणखत पहिला महिना पुरतं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, किंवा पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रवखत) मुळाशी ओता. एप्रिल-मेमध्ये रासायनिक खताचे दाणे कोरड्या कुंडीत टाकू नका, मुळं करपतात. आणि होळीची राख गोळा करून कुंड्यांत घालायची पद्धत आहे, ती पुण्यात तरी आवरा. राख अल्कधर्मी असते, आपली काळी माती आधीच तशी; जास्त राख पडली की झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. एका मोठ्या कुंडीला वर्षातून चिमूट-दोन चिमूट, त्याहून जास्त नको.

सावलीसाठी पन्नास टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, आणा, मार्चच्या मध्यावर बांधा. डोक्याच्या वर, सात फुटांवर, बाजू मोकळ्या ठेवून. जाळी झाडांवर टेकली की खाली वाफ कोंडते. पैसे वाचवायचे असतील तर वरून न बांधता फक्त पश्चिमेची बाजू झाका. दुपारी दोन ते पाचचं ऊन अडलं की अर्धं काम होतं. जुनं पांढरं धोतर किंवा सुती साडीसुद्धा चालते. भेंडी, गवार, मोगरा, ऑफिस टाइम यांना जाळीबाहेर ठेवा. मिरची, वांगी, काकडी आणि पालेभाज्या आत.

पाणी सकाळी सूर्य चढायच्या आत, आणि एप्रिलपासून संध्याकाळी दुसऱ्यांदा गरज वाटली तर. गरज ओळखायला बोट दोन पेरं आत घाला. आत ओल असेल तर दुपारी पान मलूल दिसलं तरी पाणी देऊ नका. काकडी-दुधीची मोठी पानं दुपारी माना टाकतातच, संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. सकाळीसुद्धा पानं मलूल असतील तर मात्र खरी तहान आहे. थोडं थोडं शिंपडून वरची माती भिजवत राहिलात तर मुळं वरच राहतात आणि तीच आधी भाजतात. त्यापेक्षा एकदाच, तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. कुंडी कडकडीत वाळली तर माती आकसून कडेला फट पडते, घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. तेव्हा वरची माती खुरप्याने मोकळी करा, थोडं पाणी घाला, दहा मिनिटांनी पुन्हा घाला. पाइपने पाणी देत असाल तर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडा, ते हाताला चटका देण्याइतकं गरम असतं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी रोज एकाच कुंडीला घालू नका, त्यातले क्षार साचत जातात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

किडींचं थोडक्यात. कोरड्या उन्हात लाल कोळी येतो: पानं वरून ठिपकेदार, फिकट, आणि खाली बारीक जाळी. पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाण्याचा फवारा, तीन-चार दिवस सलग, बहुतेकदा एवढं पुरतं. मावा आणि पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून. फवारणी संध्याकाळीच, उन्हात केली तर पानं भाजतात. वेलींवरच्या फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा (नर माशांना ओढून घेणाऱ्या वासाचा) सापळा टांगा, किंवा कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधा. आंब्याच्या फळमाशीचा सापळा वेगळा असतो, दुकानात तसं स्पष्ट सांगून मागा.

तर तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात मोगऱ्याची छाटणी, मिश्रण भरणं आणि भेंडी, चवळी, काकडी, दोडका, झिनिया यांचं बी टोकणं. होळीपर्यंत विरळणी आणि चिपाडांचं आच्छादन. मार्चच्या मध्यावर शेडनेट. पाडव्यानंतर नवीन काही लावू नका, फक्त माठ चालेल. आणि असेल तेच सांभाळा.

आता मे महिन्यातले दहा दिवस. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी सांगणं, आणि त्या दिवसांतली भेंडी-काकडी त्यांनी तोडून न्यायची असं ठरवणं. तोडणी होत राहिली तर झाडंही चालू राहतात. ते जमण्यासारखं नसेल तर सगळ्या हलवता येतील अशा कुंड्या तुमच्या दक्षिणेच्या गॅलरीत आणा. तेव्हा तिथे थेट ऊन नसेल, आणि सावलीत पाण्याची गरज निम्म्यावर येते. मोठ्या बॅगा गच्चीवरच राहतील. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारं साधं मातीचं छोटं मडकं आणा, रंग किंवा लुकण न लावलेलं. आता बी टोकतानाच ते बॅगेच्या मध्यावर गळ्यापर्यंत पुरून ठेवा, नंतर पुरायला गेलात तर मुळं तुटतात. त्यात पाणी भरून वर झाकणी ठेवायची. भिंतीतून ते हळूहळू झिरपतं आणि मुळं मडक्याभोवतीच गोळा होतात. एरवी यामुळे तुमचं पाणी वाचेल, पण दहा दिवस ते एकटं पुरणार नाही. फळं लागलेली काकडी मे महिन्यात दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज पिते. म्हणून गच्चीवर पाण्याची टाकी किंवा ड्रम असेल तर त्याला टायमर लावलेला ठिबकचा छोटा संच जोडा. तो जायच्या आदल्या दिवशी लावू नका. आठवडाभर आधी लावा, रोज सकाळी बॅगांच्या खाली किती पाणी येतं ते बघा, आणि एकेका ड्रिपरखाली वाटी ठेवून कुठला तुंबलाय ते तपासा. निघायच्या आधी तयार फळं तोडा, वेलींची खालची म्हातारी पानं काढा, आणि आच्छादनाचा थर तीन इंचांवर न्या.